सट्टा क्रिकेटवर, पैसा क्रिप्टोत : घराने काय ओळखावे?

पूर्वी जुगाराला जागा लागायची. मटक्याचा आकडा लावायचा तर टपरीवर जावे लागे, तीन पत्ती खेळायची तर क्लबची पायरी चढावी लागे आणि घोड्यांवर पैसे लावायचे तर महालक्ष्मीचा रेसकोर्स गाठावा लागे. जाणारा माणूस कुणाच्या ना कुणाच्या नजरेला पडत असे. मोहल्ल्यात कुजबुज होई, मशिदीतून बाहेर पडताना एखादे बुजुर्ग हाताला धरून बाजूला घेत आणि चार दिवसांत गोष्ट अब्बांच्या कानावर जाई. या नजरेच्या धाकाने किती तरी तरुण पहिल्या पायरीवरूनच परत फिरले.

आता मुलगा घरातच असतो. संध्याकाळी साडेसातला आयपीएलचा सामना सुरू होतो, तो दिवाणखान्यात सगळ्यांबरोबर बसलेला असतो आणि हातात फोन असतो. अम्मीला वाटते, पोरगा मॅच बघतोय. तो मात्र पुढच्या षटकात किती धावा होतील, पुढची विकेट कधी पडेल, यावर पैसे लावत असतो. २०२२ ते २०२५ या चारही वर्षी आयपीएलचे काही सामने रमजानमध्ये आले. इशा आणि तरावीहची वेळ आणि सामन्याची वेळ एकच. सफीत उभ्या असलेल्या किती जणांचे मन स्कोअरवर होते, हे अल्लाहलाच ठाऊक.

तरीही घराकडे एक राखण उरली होती, बँकेचे पासबुक. पैसे गेले की मेसेज येई, नोंद होई, कुणीतरी विचारी. क्रिप्टोने ही राखणही कमकुवत केली आहे. म्हणूनच हा विषय आम्ही या अंकात घेतला आहे. ज्या घरात क्रिप्टो हा शब्द कधी उच्चारला जात नाही, त्या घरातही तो कुणाच्या तरी फोनमध्ये असू शकतो.

पैसा जातो कसा?

क्रिप्टो म्हणजे संगणकाच्या जाळ्यावर चालणारे आभासी चलन. त्यातले पहिले आणि प्रसिद्ध नाव बिटकॉइन. ते जानेवारी २००९ मध्ये सुरू झाले. बिटकॉइनचा भाव दिवसभरात वर-खाली होतो, म्हणून सट्टेवाल्यांना दुसरे एक नाणे सोयीचे वाटते. त्याचे नाव टेदर, म्हणजेच यूएसडीटी. २०१४ पासून चालत आलेल्या या नाण्याची किंमत एका अमेरिकी डॉलरला बांधलेली असते. म्हणजे नाव क्रिप्टोचे आणि वापर डॉलरसारखा.

रस्ता साधारण असा असतो. मुलगा एखाद्या एक्स्चेंजच्या अॅपवर खाते उघडतो. तिथे कुणी अनोळखी माणूस यूएसडीटी विकत असतो. मुलगा त्याच्या खात्यावर यूपीआयने चार-पाच हजार रुपये पाठवतो आणि तेवढी नाणी त्याच्या वॉलेटमध्ये येतात. मग तो ती परदेशातून चालणाऱ्या सट्ट्याच्या संकेतस्थळाने दिलेल्या पत्त्यावर पाठवतो. हा पत्ता म्हणजे अक्षरे आणि आकड्यांची लांबलचक ओळ. काही जण एवढेही करत नाहीत. टेलिग्राम किंवा व्हॉट्सअॅपवरचा एजंट पैसे घेतो आणि तयार ‘आयडी’ हातात देतो.

बँकेच्या उताऱ्यात दिसते ते एवढेच की, अमुक एका माणसाला पाच हजार रुपये पाठवले. सट्टा हा शब्द कुठेच नसतो. विचारले तर ‘मित्राचे उसने होते’ असे उत्तर तयार असते.

दोन गोष्टी नीट लक्षात ठेवाव्यात. पहिली, एकदा पाठवलेले नाणे परत मागवता येत नाही. पत्त्यातले एक अक्षर चुकले किंवा समोरचा भामटा निघाला, तर व्यवहार उलटवून देणारी बँक तिथे नसते. दुसरी गोष्ट, हा पैसा लपतो हा गैरसमज आहे. बिटकॉइन किंवा टेदरचा प्रत्येक व्यवहार एका जाहीर वहीत कायमचा लिहिला जातो. एक्स्चेंजकडे मुलाचे पॅन आणि आधार असते. ७ मार्च २०२३ पासून क्रिप्टोचे व्यवसाय मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत आले आहेत. त्यामुळे घरच्यांपासून जे दडून राहते, ते तपास यंत्रणेपासून दडतेच असे नाही. आणि ज्यांचा खांद्यावरच्या फरिश्त्यांच्या लिखाणावर विश्वास आहे, त्यांना नोंद राहते म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

कायदा काय म्हणतो?

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला. २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची संमती आली. पैसे लावून पैसे जिंकण्याचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा म्हणा की नशिबाचा, या कायद्याने निषिद्ध ठरवला आहे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पैशांची देवाणघेवाण करून देणाऱ्यालाही शिक्षा सांगितली आहे. सरकारच्या अंदाजानुसार देशातील सुमारे ४५ कोटी लोक अशा खेळांत दरवर्षी जवळपास २० हजार कोटी रुपये गमावत होते.

‘आम्ही रुपये लावतच नाही, नाणी लावतो’ ही पळवाट या कायद्यात चालत नाही. पैशात बदलता येणारी नाणी आणि टोकन, खरी असोत वा आभासी, यांचाही त्यात समावेश आहे. नुसत्या खेळणाऱ्याला मात्र हा कायदा गुन्हेगार मानत नाही, त्याला नुकसान झालेला माणूस मानतो. घरच्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे, कारण पोलिसांच्या भीतीने किती तरी मुले तोंड उघडत नाहीत. पण जो मुलगा दोस्तांना ‘आयडी’ मिळवून देतो, कमिशनवर पैसे फिरवतो किंवा आपले बँक खाते दुसऱ्याला वापरायला देतो, तो नुसता खेळणारा उरत नाही.

या कायद्यानंतर देशातल्या मोठ्या अॅपनी पैशांचे खेळ बंद केले. बंद झाले नाहीत ते परदेशातले. त्यातले कितीतरी कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाओ या छोट्या बेटाचा परवाना दाखवतात. जिंकलेले पैसे त्यांनी दिले नाहीत, तर दाद कुठे मागणार? १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करारच रद्दबातल असतो. जिंकलेल्या पैजेचे पैसे मिळावेत म्हणून इथल्या कोर्टातही दावा चालत नाही.

हिशेब करून पाहू

‘मला क्रिकेट कळते’ हे वाक्य प्रत्येक सट्टेबाज तरुणाच्या तोंडी असते. कळत असेलही. पण दुकान कसे चालते, हे तो पाहत नाही.

समजा दोन तुल्यबळ संघ आहेत. संकेतस्थळ दोघांनाही १.९० चा भाव देते. म्हणजे १०० रुपये लावले आणि जिंकलात, तर १९० हातात येतात. एकाने पहिल्या संघावर १०० लावले, दुसऱ्याने दुसऱ्या संघावर १०० लावले. दुकानात जमा झाले २००. जिंकणाऱ्याला दिले १९०. उरलेले १० दुकानाचे. सामना कुणीही जिंको, शंभरामागे पाच रुपये दुकानदार आधीच काढून ठेवतो.

२०२५ च्या आयपीएलमध्ये ७४ सामने झाले. एखाद्याने प्रत्येक सामन्यात ५०० रुपयांच्या दहा पैजा लावल्या, तर हंगामात ३ लाख ७० हजार रुपये फिरतात आणि सरासरीने १८ हजार ५०० रुपये दुकानाच्या खिशात जातात. यूएसडीटी विकत घेताना डॉलरच्या भावापेक्षा जास्त मोजलेले पैसे वेगळेच.

पण ही झाली शांत डोक्याने खेळणाऱ्याची गोष्ट. हरलेला माणूस शांत राहत नाही. ‘मागचे भरून काढू’ म्हणून तो पुढची पैज दुप्पट करतो. ५००, मग १०००, मग २०००, ४०००, ८०००, १६,०००. सहा पैजा लागोपाठ हरल्या की ३१ हजार ५०० रुपये गेलेले असतात आणि सातव्यांदा ३२ हजार लावावे लागतात. ज्याची निम्म्या वेळा हार होते, त्याच्या वाट्याला शेकडो पैजांमध्ये अशी सहाची रांग अनेकदा येणारच. पगारदार घराचा महिना अर्ध्या तासात संपतो तो असा. त्यानंतर येते व्याजावर कर्ज देणारे अॅप. म्हणजे जुगारापाठोपाठ सूदही घरात शिरतो.

‘वेलकम बोनस’चेही तसेच आहे. खात्यात दिसणारी रक्कम काढायला गेले की अट पुढे येते, आधी या रकमेच्या दहापट किंवा वीसपट पैजा लावा. तेवढ्या पैजा लावेपर्यंत बोनसही जातो आणि पदरचे पैसेही जातात.

जिंकला तर काय?

हरण्याचे दुःख सगळ्यांना कळते. जिंकण्यातला धोका फार थोड्यांना माहीत असतो.

समजा मुलाने जिंकलेले यूएसडीटी विकले आणि कुणा अनोळखी माणसाकडून ४० हजार रुपये घरातल्या खात्यावर आले. ते पैसे कुठून आले, हे मुलाला माहीत नसते. सायबर भामटे फसवणुकीचा पैसा अशाच वाटेने क्रिप्टोत बदलून घेतात. कुठल्या तरी दूरच्या शहरात कुणा निवृत्त माणसाची पुंजी लुटली गेलेली असते. तो पोलिसांत तक्रार करतो. पैसा ज्या-ज्या खात्यांतून गेला, ती खाती एकामागोमाग गोठवली जातात. त्यात आपलेही खाते सापडते.

आता अब्बांचा पगार त्याच खात्यात येतो, घराचा हप्ता तिथूनच जातो, बहिणीच्या निकाहसाठी जमवलेले पैसेही तिथेच आहेत. ते सोडवायला परराज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार आणि वकिलाचा खर्च. कमाई ४० हजारांची आणि महिनोन्‌महिने सारे घर टांगणीला.

शिवाय कर आहेच. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर लागतो आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातून वजा करता येत नाही.

नाणी तरी सुरक्षित असतात का? सप्टेंबर २०२३ मध्ये क्रिप्टोवर सट्टा चालवणाऱ्या स्टेक या जगप्रसिद्ध संकेतस्थळावरून सुमारे ४ कोटी १० लाख डॉलरची नाणी चोरीला गेली. ती उत्तर कोरियाच्या लाझारस टोळीने नेली, असे अमेरिकेच्या एफबीआयने जाहीर केले. जुलै २०२४ मध्ये आपल्याकडच्या वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर पळवले गेले आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकून पडले.

दीन काय सांगतो?

जुगाराबद्दल इस्लामचा हुकूम संदिग्ध नाही. पवित्र कुरआनच्या सूरह अल-माइदाच्या ९० आणि ९१ व्या आयतींत जुगार, म्हणजेच ‘मैसिर’, दारूच्या जोडीने सांगून त्याला सैतानी काम ठरवले आहे. त्याची कारणेही तिथेच आहेत. त्यातून माणसामाणसांत वैर वाढते आणि अल्लाहचे स्मरण व नमाज सुटते. सूरह अल-बकराच्या २१९ व्या आयतीत यात लोकांना काही फायदाही आहे हे मान्य करून, त्याचे पाप फायद्याहून मोठे आहे असे सांगितले आहे. ‘एकदा तरी जिंकलो की’ म्हणणाऱ्याला याहून नेमके उत्तर मिळणार नाही. पैगंबर मुहम्मद (स.) यांची तर अशीही शिकवण आहे की, ‘चल, जुगार खेळू’ असे जो दुसऱ्याला नुसते म्हणेल, त्यानेही सदका द्यावा. म्हणजे रेफरल लिंक पाठवून बोनस मिळवणाऱ्याची जागा कुठे आहे, ते पाहावे.

इथे आपल्या घरांत एक गल्लत होते. मुलगा सट्ट्यात सापडला की मोठी माणसे क्रिकेटलाच शिव्या घालतात. खेळ हा गुन्हा नाही. घोड्यांच्या शर्यती पैगंबर (स.) यांनी स्वतः घडवल्या आणि हजरत आयशा (रजि.) यांच्याबरोबर ते धावण्याची शर्यतही लावत. मैदानावर जायला, सामना पाहायला, आवडत्या संघासाठी टाळ्या वाजवायला दीनची आडकाठी नाही. हराम आहे ती पैज.

क्रिप्टो हलाल की हराम, यावर उलमांमध्ये मतभेद आहेत. इजिप्तच्या मुफ्तींनी २०१८ मध्ये बिटकॉइनच्या व्यवहाराविरुद्ध फतवा दिला. इंडोनेशियाच्या उलमा परिषदेने २०२१ मध्ये क्रिप्टोचा चलन म्हणून वापर हराम ठरवला. दुसरीकडे काही विद्वान अटींसह परवानगी देतात. हा वाद जाणकारांनी सोडवावा. पण नाणे हलाल ठरले, तरी त्याने लावलेली पैज हलाल होत नाही. रुपया हलाल असूनही मटका हलाल झाला नाही, तसेच हे आहे.

आणि जिंकलेली रक्कम? ती घरखर्चात, जकातीत किंवा हजला वापरण्याजोगी नसते. सवाबची अपेक्षा न ठेवता ती गरजूंना देऊन टाकावी, असे उलमा सांगतात. आपल्या प्रकरणात काय करावे, ते जवळच्या जाणकार आलिमांना विचारावे.

घरच्यांनी काय पाहावे, काय करावे?

काही खुणा अशा : यूपीआयच्या यादीत पुन्हा पुन्हा नवी अनोळखी नावे आणि दोन हजार, पाच हजार अशा ठोक रकमा. फोनमध्ये क्रिप्टो वॉलेट, व्हीपीएन आणि ‘टिप’ देणारे टेलिग्राम गट. दुसरे सिमकार्ड. कर्जाच्या अॅपचे फोन. सामन्याच्या दिवशी विनाकारण चिडचिड, रात्रीचे जागरण, फजरची नमाज चुकणे. घरातला एखादा दागिना ‘सापडत नाही’ असे होणे. एकाच खुणेवरून संशय घेऊ नये, पण तीन-चार एकत्र दिसल्या तर बोलावे.

बोलताना आधी आवाज चढवू नये. ओरडा खाल्लेला मुलगा सट्टा सोडत नाही, लपवायला शिकतो. शांतपणे बसून सगळ्या देण्यांची एक यादी कागदावर लिहून घ्यावी. कुणाचे किती, कोणत्या अॅपचे किती, कोणत्या दोस्ताचे किती. पहिल्या दिवशी सांगितलेला आकडा बहुधा अपुरा असतो. चार दिवसांनी पुन्हा विचारावे.

घाईघाईने दागिने विकून रोख रक्कम त्याच्या हातात देऊ नये. ती रक्कमही ‘शेवटची एकदा’ म्हणून लावली जाण्याची भीती असते. फेडायचे ते देणे घरच्यांनी थेट देणेकऱ्याला द्यावे. काही काळ पगाराचे खाते आणि यूपीआय त्याच्या संमतीने दुसऱ्याच्या हाती असावे. आणि सासर-माहेरच्या सगळ्यांनी हे ध्यानात ठेवावे की, बायकोचा मेहर आणि तिचे दागिने तिचे आहेत. नवऱ्याचे जुगाराचे कर्ज फेडण्यासाठी ते मागण्याचा हक्क कुणालाही नाही. तिने नाही म्हटले, तर तिला नाफरमान ठरवू नये.

फसवणूक झाली असेल, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार करावी. पहिले काही तास फार मोलाचे असतात. ‘बुडालेले क्रिप्टो परत मिळवून देतो, आधी फी भरा’ म्हणणाऱ्यांपासून दूर राहावे. तो दुसरा सापळा असतो. खाते गोठले असेल, तर बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचे नाव लेखी घ्यावे आणि कागदपत्रे घेऊन वकिलाला भेटावे.

जुगाराची लत हा मान्यताप्राप्त आजार आहे. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ च्या आपल्या सूचीत तिला व्यसनांच्या गटात ठेवले. त्यामुळे तौबाबरोबर इलाजही हवा. त्यात लाज नाही. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. मुलगा ‘आता जगून काय करू’ असे बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नये. त्या घडीला पैशाचा विषय बंद ठेवावा आणि लगेच डॉक्टर गाठावा.

जमातीचीही काही जबाबदारी आहे. जुम्याच्या खुतब्यात सूदवर बोलले जाते, तसे मोबाइलमधल्या सट्ट्यावरही बोलले जावे. बैतुलमालमधून अशा घराला कर्ज-ए-हसना देता येईल का, याचा विचार व्हावा, तेही थेट देणेकऱ्याला चुकते करून. रिश्ता ठरवताना आपण पगार विचारतो, घर विचारतो. मुलाच्या डोक्यावर कोणत्या अॅपचे कर्ज आहे, हेही विचारायला संकोच करू नये.

मोहल्ल्याची जुनी नजर आता परत येणार नाही, पण घरातली आपुलकीची नजर आपल्या हातात आहे. पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एका संध्याकाळी सगळ्यांनी मिळून बसावे आणि हा हिशेब मुलांपुढे मांडावा, ज्यांच्यावर संशय नाही त्यांच्याही पुढे. आणि त्यांना एवढे जरूर सांगावे : चूक झाली असेल तर आधी आमच्याकडे ये, रागावू पण हाकलणार नाही. अल्लाह आपल्या घरांना हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.